माणशी वीस फूट

घर मोजण्याची मराठी एकके दोन घराण्यांची आहेत. गावाकडचे घर खणांत मोजतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. ‘बारा खणी घर’ म्हटले की ऐकणाऱ्याला घराण्याची ऐपत कळते. आत माणसे किती राहतात हे कळत नाही आणि विचारण्याची पद्धतही नाही. भोवतालची जमीन गुंठ्यांत. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद असा एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट.

मुंबईत यांतले काहीच चालत नाही. तिथे घर फुटांत असते. त्यातला ‘चौरस’ बोलण्यात कधीच गळून गेला आहे, त्यामुळे ‘आमचे साडेचारशे फूट आहे’ हे वाक्य कोणी उंचीविषयी समजत नाही. अलीकडे फुटांच्या जोडीला अक्षरे आली : वन आरके, वन बीएचके, टू बीएचके. यातला एच हा हॉल. ज्या भाषेत सातशे पानांची पंगत उठते त्या जागेला हॉल म्हणतात, त्याच भाषेत दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही आणि सोफा समोरासमोर ठेवून मधून एक माणूस आडवा चालत गेला की त्यालाही हॉलच म्हणतात.

आता या सगळ्यांतून कुटुंबाला नेमके किती लागते? या प्रश्नाला सरकारी उत्तर आहे, आणि ते एकच नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे १०२ चौरस फूट असावी. स्वयंपाकघर पाच चौरस मीटर. संडास १.१ चौरस मीटर. हा आकडा दशांशापर्यंत गेला आहे, यावरून समितीने विषय मन लावून हाताळला असावा असे दिसते. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९५ च्या सुमारास कुटुंबाची गरज २२५ चौरस फूट होती. पुढे ती २६९ झाली, आणि आता ३०० आहे. २६९ हा आकडा ऐकून कोणी एखाद्या कुटुंबाला सतरंजीवर बसवून टेपने मोजले असेल असे वाटते. प्रत्यक्षात पंचवीस चौरस मीटर फुटांत केले की तेवढे येतात. कुटुंब तेच, माणसे तेवढीच, शहाणपण तेवढे थोडे थोडे रुंद होत गेले. पंतप्रधान आवास योजना २०१५ मध्ये आली तेव्हा दुर्बल घटकांच्या शहरी घराची मर्यादा तीस चौरस मीटर होती; खेड्यातल्या घराचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक कार्यक्रमाने फूट-मीटरची भानगडच ठेवलेली नाही : एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसे झाली की ती दाटी. या व्याख्येने मुंबईतली बहुतेक चाळ संध्याकाळी सात वाजता, पाहुणा आलेला नसतानाही, दाटीत मोडते.

सर्वांत उदार उत्तर गृहनिर्माण खात्याचे नसून कारखान्यांच्या कायद्याचे होते. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये त्यानंतर उभ्या राहिलेल्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर, म्हणजे ५०० घनफूट जागा ठेवायला सांगितले होते. हा हिशेब बीडीडी चाळीतल्या खोलीला लावून पाहण्यासारखा आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस, म्हणजे इमारतीत ऐंशी खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. गुंठ्याच्या भाषेत सांगायचे तर ज्या एका गुंठ्यावरून गावी दोन चुलतभावांत बोलणे बंद होते, तेवढ्या जमिनीवर इथे जवळजवळ सात संसार मांडता येतात. खोलीची उंची दहा फूट धरली तर १६०० घनफूट होतात. कायद्याने त्यात तीन कामगार बसतात, आणि चौथ्याचा एखादा पाय. प्रत्यक्षात तिथे आठ माणसे राहत. म्हणजे गिरणीत मागावर उभ्या असलेल्या माणसाला किती हवा लागते याची चिंता कायद्याला होती. तोच माणूस घरी येऊन आडवा झाला की त्याने कमी श्वास घ्यावा अशी अपेक्षा असावी.

आठ माणसे, १६० फूट. माणशी वीस फूट. गादी सहा बाय अडीचची धरली तर एक माणूस निजला की पंधरा फूट जातात. आठ माणसे निजली की १२०. उरलेल्या चाळिसांत मोरी, पाण्याचे पिंप, स्टोव्ह, भांड्यांची मांडणी, कपाट, देव, आणि रात्री उठलेल्या माणसाला दारापर्यंत जायची वाट. गणित सुटत नाही. तरीही तीन पिढ्या तिथे राहिल्या, लग्ने झाली, बारशी झाली, मुले बोर्डात आली. याचे कारण असे की चाळीतली खोली चौरस फुटांत मोजणे हीच मुळात चूक आहे. तिचे खरे एकक फूट-तास असे हवे. १६० फूट गुणिले चोवीस तास, म्हणजे रोज ३८४० फूट-तास; आणि त्यांतला एकही वाया जात नाही.

पहाटे चार वाजता पाणी येते. मोरीजवळ निजलेला माणूस पहिला उठतो. तो उत्साही असतो म्हणून नव्हे, पिंप भरताना पाणी त्याच्या उशीपर्यंत येते म्हणून. त्याची गादी गुंडाळली की तिथे कणीक मळायला जागा होते. पहिल्या पाळीचा माणूस डबा घेऊन बाहेर पडला की त्याच्या जागेवर शाळेची मुले दप्तर भरतात. मुले गेली की रात्रपाळीचे काका येतात. ते भिंतीकडे तोंड करून निजतात, आणि त्यांच्या व स्वयंपाकाच्या मध्ये दांडीवर एक साडी सोडली जाते. या साडीला भिंत म्हणतात. तिच्या पलीकडे कुकरची शिट्टी झाली तर काका जागे होत नाहीत. मात्र ‘काका झोपलेत, हळू बोला’ असे कोणी म्हटले की होतात. दुपारी त्याच जमिनीवर गहू निवडले जातात, चारला अभ्यास होतो, सातला दिवा लागतो, आठला टीव्हीसमोर शेजारच्या दोन खोल्या येऊन बसतात, नऊला जेवणाच्या दोन पंगती उठतात आणि साडेदहाला वळकट्या सुटतात. दिवाणखाना, अभ्यासिका, भोजनगृह आणि शयनगृह अशा चार खोल्या या घरात आहेत. फक्त त्या एकाच वेळी नसतात.

काही फूट तर दोनदा वापरले जातात. लोखंडी खाट त्यासाठीच असते. वर आजी, खाली दोन नातवंडे. वरच्या मजल्याची खुसखुस खाली ऐकू येते, आणि खालच्या मजल्यावरचे भांडण वरून काठीने मिटवता येते. खाटेच्या पायांखाली विटा ठेवल्या की खालच्या मजल्याची उंची वाढते. याला कोणाची परवानगी लागत नाही. भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात पोटमाळा. तिथे सरळ बसता येत नाही, पण निजताना सरळ बसायचे कारणही नसते. एरवी त्यावर बोहारणीसाठी साठवलेले कपडे, गौरीचे मुखवटे आणि थोरल्या मुलाची बारावीची पुस्तके असतात. घरात लग्न झाले की सामान खाली येते आणि नवे जोडपे वर जाते. या अडचणीवर आख्खा चित्रपट निघाला. ‘मुंबईचा जावई’ १९७० सालचा, राजा ठाकुरांचा. त्यावरून बासू चॅटर्जींनी १९७२ मध्ये हिंदीत ‘पिया का घर’ केला. दोन्ही भाषांतल्या प्रेक्षकांपैकी कोणालाही कथेतला पेच समजावून सांगावा लागला नाही. घरोघरी त्यावरचा उपाय ठरलेला होता : दीर भजनाला, सासरे गॅलरीत, मुले शेजाऱ्यांकडे, आणि सासूबाईंना कमी ऐकू येऊ लागणे.

गॅलरी ही खोलीत न मोजलेली जागा. उन्हाळ्यात तिथे तरुण मंडळी निजतात, दिवाळीत कंदील लागतात, कॅरम तिथेच, परीक्षेची पहाटही तिथेच. कागदोपत्री ती जाण्यायेण्याची वाट आहे. मात्र वीस खोल्यांच्या मजल्यावर दाराला आतून कडी लावून एकट्याने बसता येईल अशी जागा टोकाला असते, आणि तिच्याबाहेर रांग असते. आत वर्तमानपत्र घेऊन गेलेला माणूस बाहेरच्यांच्या शिव्या खातो. पण दिवसातली तेवढीच मिनिटे त्याच्या मालकीची असतात. कुटुंबाला जागा किती लागते यापेक्षा कड्या किती लागतात असे विचारले असते, तर बऱ्याच समित्यांचे काम सोपे झाले असते.

इथवर माणसांचा विचार झाला. पण घरातली जागा मुख्यतः माणसे व्यापत नाहीत. माणसे सकाळी बाहेर जातात, उन्हाळ्यात गावी जातात, काही सासरी जातात. सामान कुठेही जात नाही. मराठी घरातले सामान तीन जातींचे. पहिले रोज लागणारे. हे सर्वांत कमी. दुसरे वर्षातून एकदा लागणारे : गणपतीचे मखर, चकलीचा सोऱ्या, रजया, छत्र्या, हळदीकुंकवाला वाटायला आणलेल्या आणि उरलेल्या प्लास्टिकच्या डब्या. तिसरे ‘लागेल कधीतरी’. या तिसऱ्या जातीत टीव्हीचा रिकामा खोका येतो, कारण घर बदलताना टीव्ही नेणार कशात? घर बदलण्याचा बेत नसतो; टीव्हीही दोनदा बदललेला असतो. यातच मिक्सरचे बिघडलेले भांडे, एकाच पायातली चांगली चप्पल, कोणाच्या तरी लग्नातली सूटकेस आणि तिच्या पोटात दुसरी सूटकेस. सूटकेसच्या पोटात सूटकेस ठेवणे हा जागेच्या शास्त्रातला मोठा शोध आहे. सर्वांत आतल्या सूटकेसमध्ये काय आहे हे घरातल्या एकाच व्यक्तीला माहीत असते, आणि ती व्यक्ती आजी असते.

या तिसऱ्या जातीचा एक नियम पक्का आहे. जागा वाढली की हे सामान वाढते, आणि टाकून दिलेली वस्तू आठवड्याच्या आत लागते. त्यामुळे एकदा टाकलेल्या वस्तूचे उदाहरण पुढची वीस वर्षे पुरते. गादीखाली कप्पे असलेल्या पलंगाने, ज्याला घरात दिवाण म्हणतात, या सामानाला राजाश्रय दिला. दिवाण उघडायचा तर गादी उचलावी लागते, गादीवर माणूस असतो, आणि माणूस म्हणतो, ‘उद्या काढू.’

जागा विकत घ्यायची झाली की मोजमाप आणखी गहन होते. एकाच घराचे तीन आकार असतात. पायांना लागते ते कार्पेट, भिंतींसह झाले की बिल्टअप, आणि जिना, लिफ्ट, लॉबी, वॉचमनची खुर्ची यांचा हिस्सा धरला की सुपर बिल्टअप. हजार फुटांचा फ्लॅट म्हणून पैसे मोजलेला गृहस्थ आत शिरल्यावर त्याला साडेसहाशे-सातशे फूट सापडत. बाकीचे तो वर येताना लिफ्टमध्ये पाहून आलेला असे. रेरा कायदा २०१६ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले, तेव्हा विक्री कार्पेटवर करायची असे ठरले. कायद्यातल्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत, पण घरातल्या घरात असलेल्या भिंतींखालची जागा धरतात. म्हणजे दोन खोल्यांमधल्या भिंतीखालच्या जमिनीचेही पैसे कार्पेटच्याच भावाने द्यावे लागतात. तिच्यावर कार्पेट कसे अंथरायचे ते खरेदीदाराने पाहावे.

बिल्डरांची प्रतिभा याआधीच बहरून गेली होती. मुंबईच्या जुन्या नियमांत फ्लॉवर बेड नावाचा खिडकीबाहेरचा कट्टा चटईक्षेत्रात धरत नसत. त्यामुळे शहरात फुलांची आवड अचानक वाढली आणि दर खिडकीला फ्लॉवर बेड आले. ताबा मिळाल्यावर त्यात माती पडण्याऐवजी ग्रील बसे, खिडकी पुढे सरके, आणि तिथे मुलाचे अभ्यासाचे टेबल लागे. शेवटी २०१२ मध्ये फ्लॉवर बेड, बाल्कनी, व्हॉइड सगळे मोजणीत घेऊन त्याऐवजी निवासी बांधकामाला ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवे तिथे वापरता येणारे, चटईक्षेत्र देण्यात आले. मोगरा तेव्हाही कुंडीतच होता.

नमुना फ्लॅट हा वेगळाच प्रांत. तो दाखवायला ठेवलेला असतो, राहायला नव्हे, आणि हे त्यातल्या वस्तूंनाही ठाऊक असते. तिथे कपाट नसते, कपड्यांची दांडी नसते, गॅस सिलिंडर नसतो, खोल्यांना दारे नसतात, आणि पलंगावर कोणी झोपून पाहत नाही, त्यामुळे तो साडेपाच फुटांचा आहे हे कळत नाही. बघायला आलेले कुटुंब मात्र वेगळेच मोजत असते. बाई खिडकी पाहत नाहीत. माळा कुठे आहे ते पाहतात. आजोबा देव पूर्वेला येतील का ते पाहतात. आजी विचारते, ‘पाहुणे आले तर कुठे झोपतील?’ यावर सेल्समन ‘लिव्हिंगमध्ये सोफा कम बेड’ असे काहीसे सांगतो. आजीच्या प्रश्नातले पाहुणे बारा असतात.

पाहुण्यांपुढे सगळे मोजमाप खुंटते. १६० फुटांच्या खोलीत गावाहून आलेल्या भाच्याला नोकरी लागेपर्यंत ठेवून घेत, आणि नोकरी लागायला दोन वर्षे गेली तर दोन वर्षे. गिरण्यांच्या काळात एका गाळ्यात गावकीचे वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने निजत. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडे, जेवण खानावळीत. जागा आहे का, असे कोणी कोणाला विचारत नसे. तो प्रश्न दोन बेडरूम झाल्यावर सुरू होतो. ‘यायच्या आधी फोन करा हं’ हे वाक्य ज्या घरात म्हटले जाते, त्या घराचे क्षेत्रफळ साधारण सहाशे फुटांच्या पुढे असते.

आता बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचे टू बीएचके, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. तिपटीहून अधिक जागा. अशा नव्या घरात पहिले आठ दिवस आवाज घुमतो. एकमेकांना हाका मारायची सवय नसते, कारण जुन्या घरात हाक मारायला अंतरच नव्हते. ‘अगं’ म्हटले की अगं समोरच असे. मग एकेका खोलीत एकेक जण शिरतो, दार लावतो, आणि आतून फोन करून चहा मागवतो. संडास घरात आल्याने वर्तमानपत्राचे वाचन वाढते. बाहेरची रांग मात्र जात नाही, ती फक्त घरातल्या माणसांची होते. आणि जुन्या खोलीतली खाट, पत्र्याची ट्रंक, मांडणी, लाकडी पाट या गोष्टी नव्या फर्निचरशेजारी शोभत नाहीत, असे सुनेच्या लक्षात येते. टाकवत नाहीत. त्या टेम्पोत घालून गावी जातात.

गावी घर असतेच. मुंबईत वीस फुटांवर जगलेल्या कित्येक माणसांचे कोकणात बारा खणी घर आहे. पडवी, ओटी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, वर माळा, मागे न्हाणीघर, पुढे खळे. घरपट्टी अजून पणजोबांच्या नावावर येते, हिस्सेदार सतरा, आणि वर्षातले साडेअकरा महिने दाराला कुलूप. कुठे कुलूप नसेल तर दोन म्हातारी माणसे, आणि तीही वावरतात चूल ते ओटी एवढ्याच पट्ट्यात. फूट-तासांच्या हिशेबाने एवढे उधळे घर दुसरे नसेल.

गणपतीत ते भरते. पाच भावांची बिऱ्हाडे येतात, पस्तीस माणसे होतात. जागेला तोटा नसतो. माणशी एक खण आला नाही, तरी प्रत्येक बिऱ्हाडाला एक खोली सहज येईल. पण बाळंतिणीच्या खोलीत तांदळाची कणगी आणि मुंबईहून आलेले टीव्हीचे दोन खोके आहेत. माळ्यावर कौले गळतात. पडवीत डास. मागची खोली अंधारी आहे, तिथे मुले जात नाहीत, आणि मोठीही काही ना काही कारण काढतात. मोबाइलला रेंज फक्त माजघराच्या खिडकीशी येते, पंखाही तिथेच.

रात्री आरती आणि भजन आटोपले की थोरल्या वहिनी माजघरात सतरंज्या टाकायला लागतात. भिंतीपासून सुरुवात, डोकी एका बाजूला, पाय दुसऱ्या, मध्ये वाट नाही. कोपऱ्यात मुंबईहून आलेली ती लोखंडी खाट, पायांखाली विटा. वर आजी निजते. खाली दोन नातवंडे, आणि यंदा तिसरे तिथेच झोपायचे म्हणून रडते आहे.